राखीव दलातली बढती आणि चुकलेली ‘डेट ऑफ रँक’: दुरुस्ती कशी करून घ्यायची

अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये किंवा आर्मी नॅशनल गार्डमध्ये अधिकारी असलेले मराठी डॉक्टर, डेंटिस्ट, इंजिनिअर यांच्यासाठी हा लेख आहे. आठवडाभर हॉस्पिटल किंवा ऑफिस आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार ड्रिल, अशा धावपळीत बढतीची ऑर्डर येते. छातीवरचं चिन्ह बदलतं, घरी फोटो जातात, पण ऑर्डरवरची तारीख कुणी नीट वाचत नाही. चूक लक्षात येते ती दोन-तीन वर्षांनी, पुढच्या बढतीच्या बोर्डाची (निवड समितीची) यादी लागते आणि आपलं नाव तिच्यात नसतं तेव्हा.

अशी चूक दुरुस्त होऊ शकते. मात्र ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढं लिहून ती होत नाही. अमुक दिवशी तुम्ही बढतीच्या सगळ्या अटी पूर्ण केल्या होत्या, हे दाखवणारा कागद लागतो आणि तो योग्य दारात न्यावा लागतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका कागदासाठी आहेत.

इथली माहिती आर्मीची आहे. एअर फोर्स, नेव्ही आणि मरीन कोअरमध्ये अर्जाचा फॉर्म (डीडी फॉर्म १४९) तोच असतो, पण नोंदी दुरुस्त करणारं शेवटचं बोर्ड वेगळं असतं आणि नियमांची पुस्तकंही वेगळी असतात.

१. नक्की कोणती तारीख चुकली आहे?

बढतीच्या कागदांत तीन तारखा फिरत असतात आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

पहिली ‘डेट ऑफ रँक’. एकाच हुद्द्यावरच्या दोघांत ज्येष्ठ कोण, हे हिच्यावरून ठरतं. पुढच्या बोर्डाची ‘झोन ऑफ कन्सिडरेशन’सुद्धा हिच्यावरूनच आखली जाते: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत डेट ऑफ रँक असलेले कॅप्टन या वर्षीच्या बोर्डासमोर, अशी घोषणा निघते. एका दिवसाच्या फरकानेही अख्खं बोर्ड हुकू शकतं.

दुसरी ‘इफेक्टिव्ह डेट’. नव्या हुद्द्याचा पगार या तारखेपासून सुरू होतो. बऱ्याच ऑर्डरींवर या दोन्ही तारखा एकच असतात, त्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे ध्यानात येत नाही. कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की राखीव अधिकाऱ्याची तारीख मागे नेली, तरी तेवढ्यावर मागचा पगार आपोआप मिळत नाही. तो मिळायला कायद्यात वेगळा आधार लागतो. म्हणून अर्जात दोन्ही तारखा वेगवेगळ्या मागा. नुसती डेट ऑफ रँक मागितलीत, तर तेवढीच मिळेल.

तिसरी ‘प्रमोशन एलिजिबिलिटी डेट’. हुद्द्यावरचा किमान काळ कधी पूर्ण होतो, हे ती सांगते. सेकंड लेफ्टनंटसाठी हा काळ १८ महिने, फर्स्ट लेफ्टनंटसाठी २ वर्षं आणि कॅप्टन ते लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यांसाठी ३ वर्षं, असं कायदा सांगतो. हा किमान काळ आहे, त्या दिवशी बढती मिळेल अशी हमी नव्हे. नाकारल्या जाणाऱ्या बऱ्याच अर्जांत ही तारीख डेट ऑफ रँक म्हणून मागितलेली असते.

चिन्ह लावण्याच्या समारंभाची तारीख यांपैकी कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. समारंभाचे फोटो अर्जाला जोडू नका.

२. चूक कशामुळे झाली ते ओळखा

कारण कळलं की कुठे जायचं ते आपोआप ठरतं. नेहमी सापडणारी कारणं अशी:

*नोंदीतली चूक.* ऑर्डर बरोबर आहे, पण आयपीपीएस-ए या संगणक प्रणालीत तारीख वेगळी दिसते. ही प्रणाली जानेवारी २०२३ मध्ये आर्मीच्या तिन्ही घटकांसाठी लागू झाली आणि जुन्या प्रणालींतला मजकूर तिच्यात हलवला गेला. तुमची चूक एवढीच असेल, तर तुमचं नशीब चांगलं. ऑर्डर जोडून युनिटच्या एस-१ मधून (कर्मचारी विभागातून) काम होतं, दुरुस्ती बोर्डाकडे जायची गरज नसते.

*जागा मिळाल्याची तारीख उशिरा लागली.* ट्रूप प्रोग्रॅम युनिटमधल्या (नियमित ड्रिल करणाऱ्या रिझर्व्ह युनिटमधल्या) अधिकाऱ्याला बोर्डाने निवडलं, तरी वरच्या हुद्द्याची जागा मिळावी लागते. बोर्डाच्या निकालाला मंजुरी, किमान काळ पूर्ण होणं आणि जागेवर नेमणूक, यांतली जी तारीख सगळ्यांत शेवटची, ती सहसा बढतीची तारीख. उदाहरण घ्या. निकाल १४ मार्च २०२४ ला मंजूर झाला. मेजरच्या जागेवर नेमणूक १ जून २०२४ पासून. बाकीच्या अटी आधीच पूर्ण. पण युनिटने नेमणूक प्रणालीत ९ सप्टेंबरला चढवली आणि बढतीच्या ऑर्डरवर ९ सप्टेंबर छापलं गेलं. इथे नेमणुकीची ऑर्डर हाच तुमचा पुरावा: तिच्यावर ‘१ जूनपासून’ असं लिहिलेलं असेल, तर केस भक्कम आहे. ती ऑर्डरच सप्टेंबरमध्ये निघाली असेल आणि जूनचा कुठलाही कागद नसेल, तर कमांडरचं सहीचं पत्र लागेल. त्यात तुम्ही जूनपासून त्या जागेचं काम करत होतात एवढंच लिहून भागत नाही. जागा रिकामी होती, तुमची त्या जागेसाठी निवड झाली होती आणि कागद का रखडला, हे तिन्ही मुद्दे यायला हवेत.

*फ्लॅग, म्हणजे बढती रोखून धरणारी नोंद.* फिटनेस चाचणी, वजन, चौकशी किंवा सुरक्षा तपासणी यांपैकी कशावरून तरी डीए फॉर्म २६८ भरला गेला आणि बढती थांबली. फ्लॅग उठवताना कोणता कोड टाकला ते बघा. ‘सी’ म्हणजे प्रकरण तुमच्या बाजूने बंद झालं. चौकशीसारख्या कारणाने बढती लांबवली गेली आणि शेवटी काहीच निष्पन्न झालं नाही, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यातल्या शीर्षक १०चं कलम १४३११ सांगतं की उशीर झालाच नसता तर जी डेट ऑफ रँक, पगाराची जी तारीख आणि यादीतली जी जागा मिळाली असती, तीच द्यायची. मधल्या काळात अधिकारी पात्र नव्हता असं ठरलं, तरच याला अपवाद. पगारही मागच्या तारखेपासून मिळण्याच्या मोजक्या स्पष्ट वाटांपैकी ही एक आहे. पुष्कळदा फ्लॅग उठतो, बढतीही होते, पण ऑर्डरवर उठवल्याच्या दिवसाची तारीख पडते आणि अधिकारी सुटलो म्हणून गप्प बसतो. गप्प बसू नका. कोड ‘डी’ किंवा ‘ई’ असेल तर मात्र आधी वकिलाशी बोला.

*नॅशनल गार्डमधली फेडरल रेकग्निशन.* गार्डमध्ये बढती दोनदा होते म्हणायला हरकत नाही. आधी राज्य बढती देतं, मग केंद्र तिला मान्यता देतं. मधल्या टप्प्यात नावांची यादी, म्हणजे ‘स्क्रोल’, वॉशिंग्टनला जाते आणि तिथे महिनोन्महिने पडून राहू शकते. कायद्याने बढतीची तारीख म्हणजे केंद्राने मान्यता दिल्याची तारीख, राज्याच्या ऑर्डरची नव्हे. पण कलम १४३०८ च्या पोटकलम ‘एफ’मध्ये एक सोय आहे. पूर्ण फाइल नॅशनल गार्ड ब्यूरोकडे गेल्यावर १०० दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला आणि त्यात अधिकाऱ्याचा दोष नसेल, तर तारीख मागे नेता येते. राज्याची बढती १ जानेवारी २०२४ च्या आधीची असेल, तर ती राज्याच्या बढतीच्या तारखेच्या मागे मात्र जात नाही; त्यानंतरची असेल, तर ब्यूरोने फाइल पूर्ण मानल्याची तारीख आणि वरच्या हुद्द्याच्या जागेवर आल्याची तारीख यांतली नंतरची तारीख मिळते.

हिशेब करून बघू. राज्याची ऑर्डर १ मार्च २०२३ ची. ब्यूरोने फाइल पूर्ण मानली २० एप्रिलला. १०० दिवस संपले २९ जुलैला. मान्यता मिळाली १५ नोव्हेंबरला, म्हणजे २०९ व्या दिवशी. केस बसते, आणि मागता येणारी सगळ्यांत जुनी तारीख १ मार्च २०२३. आता याच केसमध्ये ब्यूरोने मे महिन्यात ‘मेडिकलची मुदत संपली आहे’ म्हणून फाइल परत केली असती आणि तुम्ही ती ऑगस्टमध्ये पूर्ण करून दिली असती, तर मधले तीन महिने तुमच्या नावावर गेले असते. म्हणून राज्याने फाइल पाठवल्याची तारीख, ब्यूरोने ती पूर्ण मानल्याची तारीख आणि परत केल्याच्या नोंदी हे सगळं राज्याच्या जी-१ मधल्या (राज्य पातळीवरच्या कर्मचारी विभागातल्या) ऑफिसर पर्सोनेल मॅनेजरकडून लेखी मागून घ्या. तोंडी ‘आम्ही वेळेत पाठवली होती’ याला दुरुस्ती बोर्डापुढे किंमत नाही.

*नेमणुकीच्या वेळचं क्रेडिट.* थेट कमिशन घेतलेल्या (नागरी व्यवसायातून थेट अधिकारी म्हणून नेमलेल्या) डॉक्टरांना आणि डेंटिस्टना शिक्षण, रेसिडेन्सी आणि अनुभव यांचं ‘एंट्री ग्रेड क्रेडिट’ मिळतं. त्यावरून सुरुवातीचा हुद्दा ठरतो. त्या हुद्द्याला लागणाऱ्या क्रेडिटपेक्षा जास्त असलेलं क्रेडिट डेट ऑफ रँक मागे नेण्यासाठी वापरलं जातं. तीन वर्षं जास्त असतील, तर तारीख तीन वर्षं मागे. हा हिशेब डीए फॉर्म ५०७४ वर मांडलेला असतो. तो फॉर्म काढा आणि ओळ न् ओळ तपासा. रेसिडेन्सीचं एखादं वर्ष राहून गेलं तर पुढच्या प्रत्येक बढतीत ते वर्षभर मागे ओढतं.

इथे भारतात शिकलेल्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं. आपल्याकडे पदवीच्या कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर एमबीबीएसच्या पदवीवर माहेरचं नाव, परवान्यावर सासरचं. क्रेडिट मोजणाऱ्याला ही एकच व्यक्ती आहे हे कागदावरून दिसलं नाही, तर तो कागद हिशेबात धरला जात नाही, आणि तसं तुम्हाला कुणी कळवेलच असंही नाही. विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र, इंग्रजी भाषांतरासह, आयपर्म्समध्ये (आर्मीच्या ऑनलाइन सेवा-नोंदींच्या फाइलमध्ये) आहे ना, बघा. फर्स्ट लेफ्टनंटच्या वर जायला बॅचलर पदवी कायद्यानेच लागते. भारतातल्या पदवीचं समकक्षता मूल्यांकन फाइलमध्ये नसेल, तर कॅप्टनची बढती तिथेच अडते. मूल्यांकन उशिरा दिलं असेल, तर त्या उशिराचं खापर कार्यालयावर फोडता येत नाही.

*बोर्डाने नाव बघितलंच नाही.* चुकीच्या तारखेमुळे किंवा कार्यालयीन चुकीमुळे तुम्ही बोर्डासमोर गेलाच नसाल, तर आधी ‘स्पेशल सिलेक्शन बोर्ड’, म्हणजे हुकलेल्या बोर्डाच्या बदल्यात भरणारं खास निवड बोर्ड, मागावं लागतं. निवडच झालेली नसताना तारीख मागून काही होत नाही.

३. तारीख मागे नेणं तुमच्या फायद्याचं आहे का?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. डेट ऑफ रँक मागे गेली की तुम्ही पुढच्या बोर्डासमोर लवकर उभे राहता. कॅप्टन आणि मेजर यांची निवड दोनदा हुकली, तर सेवेतून बाहेर पडण्याची वेळ येऊ शकते. मेजर होण्यासाठी लागणारा कॅप्टन्स करिअर कोर्स अजून झालेला नसेल, किंवा कॅप्टन म्हणून दोनच मूल्यांकन अहवाल फाइलमध्ये असतील, तर तारीख दीड वर्ष मागे नेऊन तुम्ही अर्धवट फाइल घेऊन बोर्डासमोर जाल. आधी कोर्सला नाव घाला, राहिलेले अहवाल पूर्ण करून घ्या आणि मग अर्ज करा. त्यासाठी चार-सहा महिने थांबायला हरकत नाही, पुढे सांगितलेली तीन वर्षांची मुदत सांभाळली म्हणजे झालं.

लेफ्टनंट कर्नल आणि कर्नल यांना त्या हुद्द्यावर निवृत्त होण्यासाठी सर्वसाधारणपणे ३ वर्षं त्या हुद्द्यावर काढावी लागतात, त्याखालच्या अधिकाऱ्यांना ६ महिने. निवृत्ती जवळ आली असेल, तर तारखेतले चार महिने निवृत्तिवेतनाचा हुद्दा ठरवू शकतात. अशा वेळी अजिबात थांबू नका.

४. कागद गोळा करा

- ज्या बढतीबद्दल तक्रार आहे ती ऑर्डर आणि तिच्या आधीच्या बढतीची ऑर्डर
- गार्डमध्ये असाल तर राज्याची ऑर्डर आणि ब्यूरोची फेडरल रेकग्निशनची स्पेशल ऑर्डर, दोन्ही
- शपथेचा फॉर्म: रिझर्व्हसाठी डीए फॉर्म ७१, गार्डसाठी एनजीबी फॉर्म ३३७
- बोर्डाच्या निकालाचं किंवा निवडीचं पत्र, मंजुरीच्या तारखेसह
- वरच्या हुद्द्याच्या जागेवरची नेमणुकीची ऑर्डर
- फ्लॅग असल्यास डीए फॉर्म २६८, लावतानाचा आणि उठवतानाचा, दोन्ही
- त्या दिवशी तुम्ही पात्र होतात हे दाखवणारे कागद: फिटनेस चाचणीचा निकाल, वैद्यकीय तयारीची नोंद, सुरक्षा तपासणी, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र
- निवृत्ती गुणांचं विवरण: रिझर्व्हसाठी डीए फॉर्म ५०१६, गार्डसाठी एनजीबी फॉर्म २३
- त्या काळातल्या पगारपावत्या
- थेट कमिशन असल्यास डीए फॉर्म ५०७४, रेसिडेन्सी पूर्ण केल्याचा दाखला, परवाना, परदेशी वैद्यकीय पदवी असल्यास ईसीएफएमजीचं (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र
- कार्यालयांशी झालेला ईमेल व्यवहार, तारखा दिसतील असा

पात्रतेच्या कागदांत एक खुबी आहे. बढती मागताय १ जूनची आणि जोडलाय ऑगस्टमधला फिटनेस निकाल, तर तो उलटा तुमच्याच विरुद्ध जातो, कारण जूनमध्ये वैध निकाल होता की नाही हे त्यातून दिसत नाही. प्रत्येक कागद मागितलेल्या तारखेच्या दिवशी वैध असलेलाच हवा.

बहुतेक कागद आयपर्म्समधून निघतात. सेवा सोडली असेल आणि ओळखपत्र बंद झालं असेल, तर स्टँडर्ड फॉर्म १८० भरून सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून नोंदी मागवता येतात. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी सुरू करा.

कागद हाती आले की एका पानावर तारीखवार तक्ता करा. डावीकडे तारीख, मध्ये काय झालं, उजवीकडे कोणत्या जोडपत्रात दिसतं. ज्या ओळीच्या उजवीकडे काही लिहिता येत नाही, तिथे तुमची केस कच्ची आहे. तपासणारा माणूस फाइल उघडल्यावर पहिल्यांदा हेच पान वाचतो.

५. आधी खालची दारं ठोठवा

दुरुस्ती बोर्डाकडे थेट जाता येत नाही. खालचे सगळे प्रशासकीय मार्ग संपवल्याशिवाय आलेला अर्ज निर्णय न देताच परत येतो.

आर्मी रिझर्व्हमध्ये असाल तर युनिटच्या एस-१ कडून आयपीपीएस-ए मध्ये ‘पर्सोनेल ॲक्शन रिक्वेस्ट’ घाला. ती वरच्या कमांडमधून केंटकीमधल्या फोर्ट नॉक्स इथल्या ह्यूमन रिसोर्सेस कमांडच्या बढती विभागाकडे गेली पाहिजे. गार्डमध्ये असाल तर रस्ता राज्याच्या जी-१ मधून नॅशनल गार्ड ब्यूरोकडे जातो. विनंतीत लांबलचक हकीकत लिहू नका. चार ओळी पुरतात: ऑर्डर क्रमांक, त्यावरची तारीख, हवी असलेली तारीख, कोणत्या जोडपत्रावरून.

नियम दाखवताना रिझर्व्हसाठी आर्मी रेग्युलेशन १३५-१५५ आणि गार्डसाठी त्याच्या जोडीला नॅशनल गार्ड रेग्युलेशन ६००-१०० ही पुस्तकं बघा. बढतीच्या दिवशी जी आवृत्ती लागू होती, तीच वापरायची. नियम बदलत राहतात. आजच्या आवृत्तीतला परिच्छेद २०१९ च्या बढतीला लावला की उत्तर देणाऱ्याला तुमचा अर्ज एका ओळीत निकालात काढता येतो.

नकार आला तर तो लेखी घ्या. फोनवर ‘आमच्या हातात नाही’ असं सांगितलं, तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज झालेल्या बोलण्यानुसार आपल्या कार्यालयाला ही दुरुस्ती करता येत नाही, असं मला समजलं. यात चूक असल्यास कृपया कळवा.’ हा ईमेलही जोडपत्र म्हणून चालतो.

इन्स्पेक्टर जनरलकडे किंवा आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात जायचा सल्ला बरेच जण देतात. अडकलेली फाइल हलवायला त्याचा उपयोग होतो, तारीख बदलण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नसतो.

६. डीडी फॉर्म १४९

खालची दारं बंद झाली की शीर्षक १०च्या कलम १५५२ खाली अर्ज करायचा. आर्मीसाठी तो आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्सकडे जातो. आर्मी रिव्ह्यू बोर्ड्स एजन्सीच्या ऑनलाइन प्रणालीतून तो भरता येतो, टपालानेही पाठवता येतो. फी नाही.

मुदत: चूक कळल्यापासून ३ वर्षं. चूक घडल्यापासून नव्हे, कळल्यापासून. ती कशी कळली याचा कागद जोडा, उदाहरणार्थ ज्या ईमेलमधून पहिल्यांदा लक्षात आलं तो. तीन वर्षं उलटून गेली असतील तरी अर्ज करा. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं, तर बोर्ड मुदत माफ करू शकतं. पण उशीर का झाला ते फॉर्मवर लिहायलाच हवं, ती जागा कोरी सोडू नका.

मागणी नेमकी लिहा. ‘माझी डेट ऑफ रँक दुरुस्त करावी’ ही मागणी अपुरी आहे. अशी लिहा:

‘माझी मेजर या हुद्द्याची डेट ऑफ रँक ९ सप्टेंबर २०२४ ऐवजी १ जून २०२४ करावी. बढतीची इफेक्टिव्ह डेट १ जून २०२४ करावी. त्यामुळे देय होणारा पगार व भत्ते द्यावेत. नव्या तारखेनुसार मी ज्या बोर्डासमोर पात्र ठरलो असतो, त्या बोर्डासाठी माझं नाव स्पेशल सिलेक्शन बोर्डाकडे पाठवावं.’

फॉर्मवर हे अर्थातच इंग्रजीत जाईल. शेवटचं वाक्य बरेच जण विसरतात. तारीख बदलून मिळते, तोवर ते बोर्ड होऊन गेलेलं असतं आणि मग नवा अर्ज, नवी वाट बघणं.

सोबत जोडायचं निवेदन दीड-दोन पानांच्या वर नेऊ नका. बोर्ड असं गृहीत धरून चालतं की कार्यालयाने काम नियमानुसारच केलं आहे. ते तसं झालं नाही हे दाखवायची जबाबदारी तुमची, आणि पुराव्याचं पारडं तुमच्या बाजूने झुकलं पाहिजे. म्हणून प्रत्येक परिच्छेदात एक तारीख, एक नियम आणि एक जोडपत्र एवढंच ठेवा. बरोबरीच्या दुसऱ्या अधिकाऱ्याला लवकर बढती मिळाली हा मुद्दा एरवी उपयोगाचा नाही. त्याची केस सर्व बाबतींत तुमच्यासारखीच होती हे कागदावर दाखवता येत असेल, तरच तो घाला.

अर्ज लिहिण्याआधी संरक्षण खात्याच्या इलेक्ट्रॉनिक वाचनकक्षात जाऊन आधीचे निर्णय वाचा. नावं काढून टाकलेले निर्णय तिथे सर्वांसाठी खुले आहेत. तुमच्या कारणाशी जुळणारे पाच-सहा निर्णय वाचलेत की कोणता पुरावा चालतो आणि कोणता चालत नाही, हे वकिलापेक्षा लवकर कळेल. बोर्डावर जुने निर्णय बांधील नसतात, पण अगदी जुळणारा एखादा निर्णय त्याच्या क्रमांकासह दाखवावा.

फॉर्मवर सोशल सिक्युरिटी क्रमांक असतो. तो साध्या ईमेलने कुणालाही पाठवू नका. आणि सही विसरू नका, सही नसलेला फॉर्म तसाच परत येतो.

७. अर्ज गेल्यावर

बोर्ड बहुधा ह्यूमन रिसोर्सेस कमांडचं किंवा नॅशनल गार्ड ब्यूरोचं मत मागवतं. याला ‘ॲडव्हायझरी ओपिनियन’ म्हणतात आणि त्याची प्रत तुम्हाला उत्तरासाठी पाठवली जाते. सगळ्या प्रक्रियेतला हा कळीचा क्षण. मत विरोधात असेल, तर दिलेल्या मुदतीत उत्तर द्या आणि त्यांनी घेतलेल्या मुद्द्यांनाच उत्तर द्या, पहिलं निवेदन पुन्हा पाठवू नका. मत बाजूने असेल, तरी ‘सहमत आहे’ असं दोन ओळींत कळवा. पत्ता किंवा ईमेल बदलला असेल तर एजन्सीला लगेच सांगा. या पत्राची मुदत हुकते ती बहुतेक वेळा पत्ता बदलल्यामुळे.

निर्णय तीन सदस्य देतात आणि बहुधा कागदांवरूनच देतात. प्रत्यक्ष सुनावणी मागता येते, पण तो हक्क नाही. कायद्याने ठरवलेलं लक्ष्य असं: ९० टक्के प्रकरणं १० महिन्यांत आणि सगळी १८ महिन्यांत निकाली. त्या हिशेबाने पुढची आखणी करा. मधल्या काळात बढतीचं बोर्ड आलं तर आहे त्याच तारखेने त्याची तयारी करा, अर्ज प्रलंबित आहे म्हणून थांबू नका.

नकार आला तर आधी न दिलेला नवा पुरावा घेऊन फेरविचार मागता येतो. तेच कागद पुन्हा पाठवून चालत नाही. पगाराचा दावा असेल तर कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स हा आणखी एक मार्ग आहे. तिथली मुदत ६ वर्षं आहे, आणि तिथे वकिलाशिवाय जाऊ नये.

८. मंजूर झाल्यावर चार ठिकाणी तपासा

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे तारीख बदलली, असं धरू नका. बोर्ड निर्देश देतं, प्रत्यक्ष बदल वेगवेगळी कार्यालयं करतात आणि त्यांतलं एखादं राहून जातं.

सुधारित ऑर्डर निघाली का, ते बघा. जुनी ऑर्डर रद्द न करता नुसती नवी निघाली असेल, तर फाइलमध्ये दोन ऑर्डरी राहतात आणि पुढचा कारकून कोणतीही उचलतो. जुनी रद्द झाल्याचा किंवा बदलल्याचा उल्लेख नव्या ऑर्डरवर हवा. मग आयपीपीएस-ए मधली तारीख. मग आयपर्म्समध्ये नवी ऑर्डर चढली का. आणि शेवटी पगारपावती.

पगाराची थकबाकी डिफेन्स फायनान्स अँड अकाउंटिंग सर्व्हिस काढते. राखीव अधिकाऱ्याला फरक मिळतो तो प्रत्यक्ष केलेल्या ड्रिलचा आणि सक्रिय सेवेच्या दिवसांचा, मधल्या सगळ्या महिन्यांचा नाही. एका ड्रिलला मूळ मासिक पगाराचा तिसावा भाग, आणि नेहमीच्या शनिवार-रविवारी चार ड्रिल. म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये तीन ड्रिल वीकेंड आणि १४ दिवसांचं वार्षिक प्रशिक्षण केलं असेल, तर १२ अधिक १४, असा २६ दिवसांचा मूळ पगारातला फरक. प्रशिक्षणाच्या दिवसांचे भत्ते वेगळे. हा हिशेब स्वतः करून ठेवा आणि गुणांच्या विवरणाशी ताडून पाहा.

मूल्यांकन अहवालांवरही डेट ऑफ रँक छापलेली असते. मधल्या काळातल्या अहवालांवर जुनी तारीख राहिली असेल, तर ती प्रशासकीय दुरुस्तीने बदलून घ्या. पुढच्या बोर्डासमोर ऑर्डर आणि अहवाल यांच्यावरच्या तारखा जुळल्या पाहिजेत.